नारळाचं पीठ मैद्याच्या मापाने मोजू नका

नारळाच्या पिठाचा पहिला केक बहुतेक घरांत एकाच कारणाने बिघडतो. पाककृतीत एक कप मैदा लिहिलेला असतो आणि त्याच्या जागी एक कप नारळाचं पीठ पडतं. दोन मिनिटांत मिश्रण इतकं घट्ट होतं की चमचा फिरत नाही. मग दूध ओतलं जातं, तेही कुठल्या कुठे जिरतं, आणि शेवटी डब्यातून निघतो तो कोरडा भुगा. यात हाताचा दोष नाही आणि पाककृतीचाही नाही. नारळाचं पीठ हे धान्य दळून केलेलं पीठच नव्हे. ओल्या नारळाचा रस पिळून घेतल्यावर जो चोथा उरतो, तो वाळवून बारीक केला की हे पीठ तयार होतं. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की द्रव एवढा का लागतो, अंडी इतकी का लागतात, मिश्रण थांबवून का ठेवायचं, हे सगळं आपोआप उलगडतं.

ज्यांनी घरी एखाद्दुसरा केक किंवा नानकटाई केली आहे, पण नारळाच्या पिठाला अजून हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, गुहागर या पट्ट्यात राहत असाल तर पीठ विकत आणायचीही गरज नाही. ज्या दिवशी घरात शिरवाळ्यांसाठी, म्हणजे नारळाच्या गोड रसात खायच्या तांदळाच्या शेवयांसाठी, रस काढला जातो, त्या दिवशी पिठाचा कच्चा माल परातीत पडलेलाच असतो.

आधी फरक समजून घ्या

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि ताणलं जाणारं जाळं तयार होतं. हेच ग्लुटेन. पाव फुगतो, केक उभा राहतो, पोळी लाटता येते ती या जाळ्यामुळे. मैद्यात ते आहे, कणकेत आहे, रव्यात आहे.

तांदूळ, नाचणी, ज्वारी यांत ग्लुटेन नाही, पण स्टार्च भरपूर आहे. स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि चिकट होतो. तांदळाच्या भाकरीसाठी आपण उकड काढतो ती याचसाठी. साधारण ७० अंशांच्या आसपास तांदळाचा स्टार्च पाणी धरून फुगतो, आणि जे पीठ गार पाण्यात नुसतं सुटं राहिलं असतं ते मळून थापता येतं. मोदकाची पारीही त्याच बळावर वळते.

नारळाच्या पिठाची उकड काढून बघा. गरम पाणी घातलं की ते फुगेल, मऊ होईल, पण हातात घेऊन थापायला गेलात तर कडेने फाटत जाईल. त्यात ग्लुटेन नाही आणि स्टार्चही नावापुरताच. आहेत ते तंतू. १०० ग्रॅम नारळाच्या पिठात साधारण ३५ ते ४० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात ते जेमतेम २ ते ३ ग्रॅम. बाकी थोडी प्रथिनं, थोडी चरबी, थोडी साखर. हे तंतू स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतात आणि धरून ठेवतात, पण एकमेकांना धरत नाहीत. धरून ठेवायचं काम बाहेरून आणलेल्या कशाला तरी करावं लागतं. बहुतेक वेळा ते काम अंडी करतात.

बदामाचं पीठही ग्लुटेन नसलेलं म्हणून अनेकदा याच्याच शेजारी ठेवलेलं दिसतं आणि लोक एकाच्या जागी दुसरं वापरतात. तसं करू नका. बदामात निम्म्याच्या आसपास तेल असतं, ते फारसं पाणी पीत नाही. बदामाच्या पाककृतीत नारळाचं पीठ त्याच मापाने घातलंत तर दगड होईल, आणि उलटं केलंत तर चिखल.

पायरी पहिली: हातात आहे ते नारळाचं पीठच आहे ना?

दुकानात तीन वेगवेगळ्या वस्तू जवळजवळ सारख्याच दिसतात. सुक्या खोबऱ्याचा कीस, डेसिकेटेड कोकोनट आणि नारळाचं पीठ. पहिल्या दोन्हींत खोबऱ्याचं तेल जसंच्या तसं असतं, १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या आसपास. पिठात ते बहुतेक वेळा १० ते १५ ग्रॅम असतं, कारण रस किंवा तेल काढल्यानंतरच्या चोथ्यापासून ते बनतं. पाकिटाच्या मागचा पोषणमूल्यांचा तक्ता वाचला की शंका उरत नाही.

सुटं आणलं असेल तर चमचाभर पीठ कागदावर घेऊन अंगठ्याने दाबा. कागदावर तेलाचा पसरट डाग पडला तर तो कीस आहे. दुसरी परीक्षा पाण्याची. वाटीत दोन चमचे पीठ आणि चार चमचे पाणी एकत्र करून दहा मिनिटं ठेवा. नारळाचं पीठ सगळं पाणी पिऊन मऊसर गोळा होतं, वाटी तिरकी केली तरी पाणी ओघळत नाही. किसाच्या वाटीत पाणी तळाशी वेगळं दिसत राहतं.

डेसिकेटेड कोकोनट मिक्सरमध्ये फिरवून पीठ करता येतं असं बऱ्याच जणींना वाटतं. फिरवत गेलं की तेल सुटतं आणि भांड्याच्या कडेला लोण्यासारखा लगदा चिकटतो. चटणीला तो चांगला, पण त्याला पीठ म्हणता येणार नाही.

पायरी दुसरी: चोथ्यापासून घरचं पीठ

मला स्वतःला घरचं पीठ अधिक आवडतं. त्याला ओल्या नारळाचा वास असतो, जो पाकिटातल्या पिठात बराचसा गेलेला असतो. शिवाय चोथा वाया जात नाही.

नारळ चांगला पिकलेला हवा. झाडावर नारळ पूर्ण तयार व्हायला साधारण १२ महिने लागतात. शहाळ्याच्या पुढचा पण अजून कोवळा असलेला नारळ घेतलात तर खोबरं पाणचट निघतं आणि पीठ नगण्य होतं. कानाशी हलवून पाणी वाजतंय का बघा, आणि सोललेला नारळ वजनाला जड लागतोय का तेही बघा. आपल्याकडच्या बाणवली जातीच्या नारळाचं खोबरं जाड आणि तेलकट असतं. रसाला ते उत्तम, पण पिठासाठी रस अधिक नेटाने पिळावा लागतो.

खवताना करवंटीच्या अगदी जवळ जाऊ नका. खोबऱ्याची तपकिरी पाठ चवात, म्हणजे खवलेल्या खोबऱ्यात, आली तर पीठ करडं होतं आणि केकमध्ये बारीक ठिपके दिसतात. चवीला वाईट लागत नाही, पण पांढराशुभ्र केक हवा असेल तर लक्षात ठेवा.

चव कोमट पाण्यात मिक्सरला फिरवून पंचातून पिळा. पहिला जाड रस वेगळा ठेवा. चोथ्यात पुन्हा कोमट पाणी घालून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पिळा. तिसऱ्या पिळण्याला पाणी जवळजवळ नितळ येतं. स्वयंपाकासाठी आपण बहुधा दोनदाच पिळतो, पण पिठासाठी तिसरं पिळणं मोलाचं आहे. जितकं तेल कमी राहील तितकं पीठ मोकळं होईल आणि जास्त टिकेल.

इथे सोलकढीबद्दल एक सूचना. अनेक घरांत सोलकढीचा रस काढताना चवाबरोबरच लसूण, मिरची आणि जिरं वाटतात. तो चोथा केकला चालणार नाही. लसणाचा वास वाळवल्यावर कमी होत नाही, उलट भाजताना वर येतो. सोलकढीच्याच दिवशी पीठ करायचं असेल तर आधी नुसत्या चवाचा रस काढून चोथा बाजूला घ्या, आणि लसूण-मिरची वेगळी ठेचून रसात कालवून गाळा. कोकमाचं आगळ तर शेवटीच पडतं, त्याची अडचण नाही. शिरवाळे, खापरोळी किंवा नारळीभातासाठी काढलेल्या साध्या रसाचा चोथा सगळ्यांत सोयीचा.

आता वाळवणं. मार्च ते मे या दिवसांत पातळ पसरलेला चोथा कडक उन्हात दोन दिवसांत खडखडीत होतो. वर जाळी किंवा पातळ फडकं घाला आणि संध्याकाळी आत घ्या, कारण किनाऱ्यावर रात्रीची हवा दमट असते आणि वाळलेला चोथा पुन्हा ओल धरतो. पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर राहू नका. चोथ्यात साखर आणि ओल दोन्ही आहे, एका रात्रीत तो आंबूस होतो, दुसऱ्या दिवशी बुरशी दिसते. त्या दिवसांत ओव्हन ८० ते ९० अंशांवर ठेवून ताटात पातळ थर पसरा, दार बोटभर उघडं ठेवा आणि दर अर्ध्या तासाने हलवा. दोन ते तीन तास लागतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर हलवत राहा. रंग बदलायला लागला तर आच जास्त आहे. चोथा भाजायचा नाही, फक्त सुकवायचा आहे. भाजलेल्याला खमंग वास येतो खरा, पण मग केकला वाटपाचा सूर लागतो.

वाळलंय की नाही हे बोटांनी ठरवा. चिमटीत चुरडल्यावर दाणे करकरीत मोडले पाहिजेत. मऊ दबले तर अजून ओल आहे. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमध्ये थोडं थोडं घाला, चार-पाच सेकंद फिरवून थांबा, पुन्हा फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि उरलेलं तेल सुटून पीठ चिकटतं. मग मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेलं भरड पुन्हा फिरवा, आणि त्यातूनही उरेल ते रव्याच्या लाडवात घाला. एका मध्यम नारळाच्या चोथ्यातून साधारण ४० ते ६० ग्रॅम पीठ मिळतं, म्हणजे अर्ध्या कपाच्या आसपास.

पायरी तिसरी: माप

या पिठासाठी छोटा डिजिटल काटा घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. वाटीने मोजताना हात जरा दाबला गेला की पाच-सात ग्रॅम जास्त जातात. मैद्यात त्याने काही बिघडत नाही, इथे तेवढ्याने केक कोरडा पडतो. काटा नसेलच तर पीठ चाळून, चमच्याने हलकेच कपात भरा आणि सुरीच्या पात्याने वरचं सपाट करा. २४० मिलीच्या कपात असं भरलेलं पीठ ११० ते १२० ग्रॅम बसतं.

१०० ग्रॅम मैद्याच्या जागी २५ ते ३० ग्रॅम नारळाचं पीठ. चौथा हिस्सा, फार तर त्याहून थोडं जास्त. आणि दर ३० ग्रॅम पिठामागे २ अंडी, शिवाय ४० ते ५० मिली रस, दूध किंवा ताक. या आकड्यांपासून सुरुवात करा. तुमचं पीठ घरचं आहे की विकतचं, किती बारीक आहे, त्यात तेल किती राहिलं आहे, यावर द्रव थोडा इकडे-तिकडे होईल. घरचं पीठ बहुधा किंचित कमी पितं, कारण कारखान्यात चोथा यंत्राने आपल्या हातापेक्षा कोरडा पिळला जातो.

मैद्याची कुठलीही पाककृती घेऊन तिचं नारळाच्या पिठात रूपांतर करायला नवशिक्यांनी सुरुवातीला जाऊ नये. आधी याच पिठासाठी बांधलेली एखादी कृती नीट जमवा. मिश्रण कसं दिसतं, कसं घट्ट होतं, हे एकदा डोळ्यांना कळलं की मग बदल करायला हात मोकळा होतो.

पायरी चौथी: पहिला केक

६ इंची गोल डब्यासाठी: नारळाचं पीठ ६० ग्रॅम, अंडी ४, किसलेला गूळ ९० ग्रॅम, खोबरेल किंवा पातळ केलेलं लोणी ६० ग्रॅम, नारळाचा रस ९० मिली, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, वेलचीपूड अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ.

अंडी आणि रस आधी तासभर फ्रिजबाहेर काढून ठेवा. हे विसरू नका, विशेषतः खोबरेल वापरत असाल तर. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीत सकाळी बाटलीतलं तेल पांढरं झालेलं आपण बघतोच. फ्रिजमधली गार अंडी पातळ तेलात पडली की तेच मिश्रणात होतं, तेलाचे बारीक खडे जमतात आणि मग कितीही घोटलं तरी ते एकजीव होत नाहीत. भाजताना ते खडे वितळून तळाशी येतात, केक खालून तेलकट आणि वरून कोरडा निघतो.

ओव्हन १७० अंशांवर तापत ठेवा. डब्याला तेलाचा हात लावून तळाशी बटर पेपर घाला. या केकला तो हवाच, कारण गरम असताना तो फार नाजूक असतो.

रस अगदी कोमट करून त्यात गूळ विरघळवा आणि गाळून घ्या. रस उकळू देऊ नका, फुटेल. अंडी दुसऱ्या भांड्यात फेस येईपर्यंत फेटा, त्यात गुळाचा गार झालेला रस आणि तेल घालून पुन्हा फेटा. पीठ, बेकिंग पावडर, वेलची आणि मीठ एकत्र दोनदा चाळा. नारळाच्या पिठाच्या गुठळ्या ओल्या मिश्रणात पडल्या की बाहेरून भिजतात आणि आतून कोरड्या राहतात, म्हणून चाळणीचा कंटाळा नको.

आता कोरडं ओल्यात घाला आणि फेटा. मैद्याच्या केकला आपण हलक्या हाताने, जेमतेम एकत्र करतो, कारण जास्त फेटलं तर ग्लुटेन ताठ होऊन केक चिवट होतो. इथे ग्लुटेनच नाही. बिनधास्त मिनिटभर चांगलं फेटा. गुठळ्या मोडतील तितकं बरं.

या टप्प्याला मिश्रण पातळ दिसेल. इतकं पातळ की काहीतरी चुकलं असं वाटून हात पिठाच्या डब्याकडे जाईल. थांबा. घड्याळ लावून आठ ते दहा मिनिटं ते तसंच ठेवा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला चमचा उचलल्यावर धार तुटायला लागते. सातव्या मिनिटाच्या सुमारास चमच्याने ओढलेली रेघ क्षणभर दिसून मिटते. दहाव्या मिनिटाला ती रेघ तशीच राहते, आणि मिश्रण चमच्यावरून ओघळण्याऐवजी जाड थेंबांनी पडतं. आपल्याला हवं ते हेच. याहून घट्ट झालं, गोळ्यासारखं चमच्याला चिकटून राहिलं, तर मोठा चमचाभर रस घालून ढवळा. दहा मिनिटांनंतरही धार लागत असेल तरच छोटा चमचाभर पीठ घाला आणि पुन्हा पाच मिनिटं थांबा.

डब्यात ओतून वरचा थर चमच्याच्या पाठीने सारखा करा. मैद्याचं मिश्रण उष्णतेने स्वतः पसरतं, हे ज्या आकारात ठेवाल त्याच आकारात भाजलं जातं. ३५ ते ४० मिनिटं लागतील. वीस मिनिटांनी एकदा डोकावा. या पिठाला रंग लवकर चढतो, त्यात गूळ. वरून तांबूस झाला असेल तर अॅल्युमिनियम फॉइल नुसती वर ठेवा. मधोमध टोचलेली काडी कोरडी आली आणि बोटाने दाबल्यावर केक परत वर आला की झाला.

लगेच काढू नका. डब्यातच वीस मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार, मगच सुरी. या केकला उभं ठेवणारं अंड्यांचं जाळं गार होता होता घट्ट होतं. गरम कापलात तर तुकडे पडतात. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, ओल सगळीकडे सारखी झालेली असते.

ओव्हन नसला किंवा पावसात वीज गेली तरी अडत नाही. जाड कढईत बोटभर मीठ पसरा, त्यावर तिवई ठेवून झाकण लावा आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. डबा ठेवून आच मंद करा. ४५ ते ५० मिनिटं लागतात. वरून रंग येत नाही, कारण वरून उष्णता नाही. आपल्या आज्या-पणज्या यासाठीच झाकणावर निखारे ठेवत. खाली मंद जाळ, वर निखारे, आणि मध्ये तवसोळी किंवा धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक. कोकणाला भाजलेला गोड पदार्थ ओव्हनबरोबर आला नाही, तो चुलीवर आधीपासून होता.

अंडी चालत नसतील तर

श्रावणात किंवा शाकाहारी घरात हा प्रश्न येणारच. स्पष्ट सांगायचं तर फक्त नारळाचं पीठ आणि अंडं नाही, असा उंच, हलका केक घरी होणं फार कठीण आहे. पिकलेलं केळं, दही, भिजवलेला इसबगोल यांनी मिश्रण बांधलं जातं, पण आतून ओलसर आणि दाट राहतं. तो पोत आवडत असेल तर करा. पण पहिल्याच प्रयत्नात निराशा नको असेल तर दुसरा रस्ता धरा. जाळं किंवा स्टार्च असलेलं पीठ मुख्य ठेवा आणि नारळाचं पीठ त्यात पाचव्या हिश्श्यापर्यंत घाला. केकमध्ये जितकं नारळाचं पीठ घातलं, किमान तितक्याच वजनाचा द्रव वाढवा.

नानकटाईत हे फार छान जमतं. मैदा १२० ग्रॅम, नारळाचं पीठ ३० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, तूप ११० ग्रॅम, वेलची, चिमूटभर बेकिंग पावडर. तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेटा, पिठं चाळून घाला, गोळा झाकून वीस मिनिटं ठेवा. तो भेगाळत असेल तर चमचा-दोन चमचे दूध लावा. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की बाहेर काढा, गार झाल्यावर ती कुरकुरीत होते. नारळाच्या पिठामुळे तोंडात टाकल्यावर ती जास्त भुसभुशीत लागते, आणि मुळात तसाच स्वभाव असलेल्या पदार्थाला ते शोभतं.

दुसरा पदार्थ तवसोळी. मला वाटतं नारळाच्या पिठासाठी आपल्या स्वयंपाकघरात याहून योग्य जागा नाही. मोठी पिकलेली काकडी, म्हणजे तवसं, किसली की पाणी फार सुटतं, आणि तवसोळी गिच्च होण्याची भीती तिथेच असते. नारळाचं पीठ नेमकं तेच जास्तीचं पाणी धरतं, आणि बांधून ठेवायचं काम तांदळाचा रवा करतो. एक कप तांदळाचा रवा थोड्या तुपात परतून घ्या. दोन कप किसलेलं तवसं पाण्यासकट, पाऊण कप गूळ आणि मीठ एकत्र उकळी येईपर्यंत तापवा. किसण्याआधी टोकाचा तुकडा चाखून बघा, कडू असेल तर ते टोक टाका. उकळीत रवा, अर्धा कप ओल्या खोबऱ्याचा चव, दोन मोठे चमचे नारळाचं पीठ, किसलेलं आलं किंवा वेलची घाला, ढवळून गॅस बंद करा आणि अर्धा तास झाकून ठेवा. तूप लावलेल्या डब्यात १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, वरून काजूचे तुकडे. यात गहू नाही, अंडं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर वडी अखंड कापली जाते.

बिघडलं तर कुठे बघायचं

केक कोरडा आणि भुगा होत असेल तर पीठ जास्त पडलंय किंवा अंडी कमी. नुसतं दूध वाढवून हे सुधारत नाही, कारण दूध ओल देतं, बांधत नाही. बाहेरून झालेला आणि मध्ये ओला राहत असेल तर बहुधा डबा लहान आणि थर जाड आहे. या पिठाचा केक चार सेंटिमीटरपेक्षा उंच भरू नका, मोठा हवा असेल तर दोन डबे करा. अंड्याचा वास येत असेल तर वेलची, जायफळ किंवा आलं वाढवा, आणि गार झाल्यावरच चव घ्या. गरम असताना तो वास सगळ्यांत जास्त जाणवतो. खाताना घशाशी कण लागत असतील तर पीठ भरड आहे, पुन्हा फिरवून चाळा.

कोणाला द्यायचा, कसं ठेवायचं

सिलिअॅकचा, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा, त्रास असलेल्या माणसासाठी करत असाल तर नारळाचं पीठ चालतं, पण नानकटाईतला मैदा चालत नाही, हे वेगळं सांगायला नको. ज्याकडे दुर्लक्ष होतं ती गोष्ट गिरणीची. तांदळाचा रवा किंवा नाचणी ज्या जात्यावर दळली त्यावर आधी गहू दळला असेल तर तो त्यात येतोच. अशा घरांनी रवा घरच्या मिक्सरवर काढावा. चाळणीही वेगळी ठेवावी, मैद्याच्या चाळणीच्या जाळीत मैदा अडकलेला असतो.

मधुमेह असलेल्यांना हा केक बेधडक चालतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पिठात स्टार्च कमी असला तरी वरच्या मापात ९० ग्रॅम गूळ आहे. त्याचा हिशेब धरावाच लागतो. तंतूंचंही भान ठेवा. वरच्या केकचे आठ तुकडे केले तर प्रत्येकात जवळजवळ ३ ग्रॅम तंतू येतात, सवय नसलेल्याने आणि लहान मुलांनी पहिल्यांदा एकच तुकडा खावा आणि पाणी पुरेसं प्यावं.

पीठ काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकणाने ठेवा. घरच्या पिठात तेल जास्त राहतं, त्यामुळे ते बाहेर फार तर महिनाभर चांगलं राहतं, तेही कोरड्या दिवसांत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत थेट फ्रिजमध्ये, तिथे तीन-चार महिने टिकतं. बरणी बाहेर काढली की झाकण उघडायची घाई करू नका. आतलं पीठ गार असतं, दमट हवा लागली की त्यावर दव धरतं आणि गुठळ्या होतात. अर्धा तास ओट्यावर ठेवा, मग उघडा. वापरण्याआधी दरवेळी वास घ्या आणि चिमूटभर जिभेवर ठेवा. खवट लागलं तर ते पीठ टाकून द्या, गुळाने आणि वेलचीने खवटपणा झाकला जात नाही.

केकचंही तसंच. अंडी आणि रस असल्याने तो ओला असतो, आणि आपल्या हवेत बाहेर एक दिवसापेक्षा जास्त ठेवू नये. फ्रिजमध्ये डब्यात चार दिवस राहतो. फ्रिजमधून काढल्यावर तो कडक लागेल, खोबरेल गोठलेलं असतं म्हणून. तुकडा तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं गरम केला की पुन्हा मऊ होतो.